बाईंचं मानपत्र आणि माझे पूर्णविराम

हसणार नाही असं वचन द्या, मगच सांगतो. बरं, राहू दे, हसाच. सगळं सर्वण गाव हसून दमलं, तुम्हीच कशाला मागे राहता? चहा मात्र आधी संपवा. मागे एकाला सांगताना त्याच्या नाकातून चहा आला होता.

तर झालं असं, की मी एका देवासारख्या बाईंचा भर मंडपात, माइकवरून, सोनेरी अक्षरांत अपमान केला. आणि तोही त्यांच्याच सत्काराला! घाबरू नका. बाई सुखरूप आहेत. माझंच काय ते बघा.

मी डिचोलीला एका सरकारी कचेरीत कारकून आहे. पण सर्वणात मला कारकून म्हणून कुणी ओळखत नाही. तिथे मी 'लिवणारो शेखर'. लग्नपत्रिकेचा मजकूर, जत्रेचं पत्रक, कुणाचा रजेचा अर्ज, कुणाच्या वडिलांच्या बाराव्याचा फलक, सगळं माझ्याकडे येतं. माणूस जन्मला की मी, लग्नाला उभा राहिला की मी, गेला तरी मीच. एवढी वर्दळ असल्यावर डोक्यात हवा जाणार नाही का? गेली. भरपूर गेली.

आमच्या वाचनालयाने शालिनीबाईंचा सत्कार करायचं ठरवलं. शालिनीबाई म्हणजे आमच्या प्राथमिक शाळेतल्या बाई. मूळच्या मोपाच्या. विमानं उतरायला लागायच्या कितीतरी आधीच्या मोपाच्या, म्हणजे तिथल्या सड्यावर, डोंगरावरच्या सपाट माळावर, गुरं चरायची तेव्हाच्या. नोकरीला म्हणून सर्वणात आल्या आणि निवृत्त होईपर्यंत इथेच राहिल्या. गावातल्या चाळिशीपुढच्या कुणालाही विचारा, अक्षर कुणी गिरवून घेतलं? एकच नाव. शेतकऱ्यांची पोरं, दुकानदारांची पोरं, सिंधुदुर्गातून खाणीवर कामाला आलेल्या माणसांची पोरं, सगळी एकाच सतरंजीवर. आता बाईंना ऐंशी उलटली. पुतण्याकडे मोपाला राहतात.

वाचनालयाचे अध्यक्ष म्हणजे अण्णा. अण्णा जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. ते म्हणाले, "शेखर, मानपत्र तू लिही. वाचीन मी. फ्रेम करून देऊया, सोनेरी अक्षरांत."

मी म्हटलं, "अण्णा, हे सांगायला हवं होतं का?" बघा, तेव्हाच माझी प्रश्नार्थी भाषा सुरू झाली होती. शकुन ओळखता आला नाही, दुसरं काय!

रविवारी दुपारी जेवून बालकांवात बसलो. बालकांव म्हणजे आमच्याकडे घराच्या पुढ्यातला बसायचा ओटा, दोन बाजूंना बाक असलेला. तासाभरात मानपत्र लिहून काढलं आणि बायकोला हाक मारली. वैशाली मूळची मोरजीची. किनाऱ्यावरची माणसं जोरात बोलतात, कारण समुद्राच्या आवाजावर आवाज काढावा लागतो. आणि खरं बोलतात, त्याला मात्र काही कारण नाही.

मी वाचायला लागलो. "बाईंनी या गावात शाळा उभी केली. बाईंनी मुलांना अक्षरे शिकवली. बाईंनी गरिबांना मदत केली. बाईंनी वेळेचे पालन केले. बाईंनी घरोघरी भेटी दिल्या. बाईंनी…"

"अहो, थांबा," वैशाली म्हणाली.

"का? भरून आलं?"

"झोप आली. सगळी वाक्यं 'बाईंनी'वर उठतात आणि 'केली'वर निजतात. रोजच्या जेवणाला उकड्या तांदळाची पेज बरी हो. पण सत्काराच्या पंगतीत पहिली वाढ पेज, दुसरी वाढ पेज, आणि शेवटी गोड म्हणून पण पेजच?"

मला राग आला. पण खोटं सांगणार नाही, कागद पुन्हा वाचला तेव्हा मलाही एक जांभई आली.

मुलीचं दप्तर तिथेच पडलं होतं. त्यातून तिचं व्याकरणाचं पुस्तक काढलं, तर समोर धडाच उघडला: वाक्यांचे प्रकार. विधानार्थी, प्रश्नार्थी, उद्गारार्थी, होकारार्थी, नकारार्थी. खाली स्वाध्याय होता, 'अर्थ न बदलता वाक्यरूपांतर करा.' अहो, हे सगळं आम्हाला शालिनीबाईंनीच शिकवलेलं! फळ्यावर एक वाक्य लिहायच्या आणि सगळ्या वर्गाकडून त्याचे पाच अवतार काढून घ्यायच्या. म्हटलं, बाईंचीच विद्या बाईंना अर्पण करू. याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती?

आणि मी सुटलो! मळणी संपल्यावर बैल सुटतात तसा सुटलो.

आधी नकारार्थी करून बघितलं. 'बाईंचा स्वभाव चांगला होता' याचं केलं 'बाईंचा स्वभाव वाईट नव्हता'. वैशालीला दाखवलं.

ती म्हणाली, "म्हणजे चालवून घेण्यासारखा होता?"

ते खोडलं. मग कर्मणी प्रयोग काढला. 'बाईंकडून सदर विद्यार्थी घडविण्यात आले.' हे वाचून मलाच वाटलं, खाली जावक क्रमांक टाकावा. तेही खोडलं.

मग प्रश्नार्थीला हात घातला आणि काय सांगू, सोन्याची खाणच सापडली! 'बाई नेहमी वेळेवर येत' हे वाक्य बघा, कसं मरगळलेलं आहे. आणि आता ऐका: 'बाई कधी वेळेवर आल्या नाहीत?' आहे की नाही जोर? 'बाईंनी सर्वांना मदत केली' याचं झालं 'बाईंनी कधी कुणाला मदत केली नाही?' 'बाईंना सर्व विषय येत होते' याचं झालं 'बाईंना काय येत नव्हते?' 'बाई प्रत्येक मुलाच्या घरी गेल्या' याचं झालं 'बाई कुठल्या मुलाच्या घरी गेल्या नाहीत?' आणि शेवट तर असा, की माझ्याच अंगावर काटा आला: 'आज या गावात बाईंचे उपकार कोण मानत नाही?' मध्ये चवीला एक उद्गारार्थी टाकलं. 'काय ते बाईंचे अक्षर!'

वैशालीला पुन्हा मोठ्याने वाचून दाखवलं. हात वर करून, आवाज चढवून, प्रत्येक प्रश्नाला भुवया उडवून.

ती म्हणाली, "आता बरं झालंय. पण वाचणार अण्णा आहेत ना?"

"मग?"

"काही नाही. म्हटलं आपलं."

बायकोचं 'म्हटलं आपलं' जो नवरा सोडून देतो, त्याचं पुढे काय होतं ते मला विचारा.

मजकूर फ्रेम करणाऱ्या दिगंबरकडे पाठवला. डिचोलीच्या बाजारात त्याचं छपाईचं दुकान आहे. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, तेव्हा मी कचेरीत खिडकीवर बसलो होतो आणि समोर रांग.

"शेखरबाब, घोटाळो आसा मरे. सोनेरी अक्षरांचा जो फॉन्ट घेतलाय, त्यात तुमचं ते आकड्यासारखं चिन्ह येत नाही. त्याच्या जागी रिकामा चौकोन येतो. उभ्या काठीचं पण तसंच. मानपत्रावर चौकोनच चौकोन झालेत, कुणीतरी लाद्या बसवल्यासारखे. काय करू?"

"दुसरा फॉन्ट नाही का?"

"आहे. पण तो लग्नपत्रिकेचा. त्यात प्रत्येक ओळीला गणपती येतो."

रांगेतल्या एका म्हाताऱ्याने खिडकीवर टकटक केलं. आणि मी, 'लिवणारो शेखर', काय म्हणालो असेन?

"काढून टाक ते चौकोन! त्या जागी पूर्णविराम घाल. वाचणारी माणसं काय अडाणी आहेत? कळतं लोकांना!"

हे वाक्य मी स्वतःच्या तोंडाने, पूर्ण शुद्धीत, पगारी वेळेत बोललो. साक्षीला रांग होती.

सत्काराच्या दिवशी देवळाजवळ मंडप. चार वाजायच्या आत माणसं भरली. बाई पुतण्याच्या गाडीतून उतरल्या. पांढरं सुती लुगडं, ताठ मान, हातात काठी, पण काठी टेकायला नव्हे, दाखवायला. टक्कल पडलेले बाप्ये धावत जाऊन पाया पडायला लागले आणि बाई एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून नाव सांगत होत्या. नाव नुसतं नाही, शेजारी कोण बसायचा तेही! माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "शेखर. खिडकीकडचा. बडबड्या." तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा वर्ग त्यांच्या डोक्यात अजून भरलेला होता.

शाल झाली, श्रीफळ झालं. अण्णा मानपत्र घेऊन माइकसमोर आले. आणि आता तुम्हाला सांगायला हवं की अण्णा कसे वाचतात. जन्मभर त्यांनी एकाच सुरात थांबे पुकारले, 'अस्नोडा, मुळगाव, डिचोली, साखळी'. त्यात कुठे चढ नाही, उतार नाही, कुठल्या गावाबद्दल आनंद नाही की दुःख नाही. त्या सुरात अण्णांनी सुरुवात केली.

"आदरणीय शालिनीबाई यांस सप्रेम अर्पण. बाई कधी वेळेवर आल्या नाहीत."

मला आधी कळलंच नाही. मी कौतुकाने मान डोलावत होतो. शेजारच्या काकूंनी माझ्याकडे बघितलं.

"बाईंना काय येत नव्हते."

मंडपात खुर्च्या करकरल्या. मी डोलावलेली मान तिथेच अडकली.

आता एक लक्षात घ्या. पुस्तकी मराठीत कदाचित निभावलंही असतं. पण आमच्या बाजूला 'काय येत नाही' म्हणजे 'काहीच येत नाही', आणि 'कोण नाही' म्हणजे 'कुणीच नाही'! आमच्या कानांना त्या प्रत्येक वाक्याचा एकच अर्थ लागत होता, आणि तो अर्थ फार वाईट होता.

"बाईंनी कधी कुणाला मदत केली नाही. काय ते बाईंचे अक्षर."

मागून एक आजोबा म्हणाले, "आरे, सत्कार आसा काय चौकशी?"

मी अण्णांना हातवारे केले. थांबा, थांबा! अण्णांनी ते पाहिले. पण कंडक्टर माणूस, मधल्या मधे कुणी हात दाखवला म्हणून त्यांनी आयुष्यात कधी गाडी थांबवली नव्हती. उलट त्यांनी वेग वाढवला.

"बाई कुठल्या मुलाच्या घरी गेल्या नाहीत. आज या गावात बाईंचे उपकार कोण मानत नाही."

आणि एकदम मागची खुर्ची उलटली. पुंडलिक उभा राहिला होता. पुंडलिक माझ्याच वर्गातला. त्याचे वडील सावंतवाडीकडून खाणीवर कामाला आले होते. आज तो स्वतःचा ट्रक चालवतो. दंड म्हणजे भोपळे.

"ह्यां कोणी लिवल्यान?" तो गरजला. "बाईंनी कोणाक मदत केली नाय? मगे माका चौथीच्या परीक्षेक कोणी बसवलो? बापाशीचो पाय मोडलेलो, मी काजीच्या बागेत कामाक. डोंगर चढान माका खाली कोणी आणलो? नाव सांगा त्याचा! आताच्या आता सांगा!"

"सांगा, सांगा!" सगळा मंडप उठला.

मी चहाच्या मोठ्या पातेल्यामागे गेलो होतो. कधी गेलो ते आठवत नाही. पाय आपोआप गेले. लाज म्हणजे काय ते मला तिथे कळलं. मार खायची भीती होतीच, पण त्याहून जास्त दुसरंच खात होतं. बाई तिथे समोर बसल्या होत्या. जन्मभर त्यांनी जे केलं, ते एकेक करून मी पुसून टाकलं होतं, त्यांच्यासमोर, आणि सोनेरी शाईने.

तेवढ्यात माइकवर खणखणीत आवाज आला. "पुंडलिक. खाली बस. वर्गात असं ओरडतात?"

बाई उभ्या होत्या. आणि तुम्हाला सांगतो, तो भोपळ्याच्या दंडाचा पुंडलिक खाली बसला! खुर्ची उलटलेली होती, म्हणून जमिनीवरच बसला.

बाईंनी अण्णांच्या हातातून फ्रेम घेतली. चष्मा लावला. सगळं मानपत्र मनात वाचलं, सावकाश. मग त्यांचा खालचा ओठ थरथरला. मला वाटलं, संपलं, आता रडणार.

त्या हसत होत्या.

"वाक्यं चांगली आहेत," बाई म्हणाल्या. "विरामचिन्हं पळाली आहेत. चला, सगळे नीट बसा. वाक्य पहिलं. पुंडलिक, उभा राहा. 'बाई कधी वेळेवर आल्या नाहीत.' हे प्रश्नार्थी करून वाच."

पुंडलिक उठला, हाताची घडी घातली. आपोआप घातली हो! "बाई कधी वेळेवर आल्या नाहीत?"

"वर्ग, उत्तर?"

"नेहमी आल्या!" मंडपातून आवाज उठला.

"दुसरं. अण्णा, तुम्ही वाचा. शेवटी आवाज वर न्यायचा. घाटात गाडी चढते तसा."

अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा चढाव घेतला. "बाईंना काय येत नव्हते-ए-ए?"

"सगळं येत होतं!"

"खोटं," बाई म्हणाल्या. "पोहायला येत नव्हतं. पुढचं."

असं एकेक वाक्य घेत गेल्या. पिकल्या केसांची माणसं उभी राहून वाचत होती, चुकत होती, पुन्हा वाचत होती. ज्यांच्या हातात गावचा कारभार ती माणसं बोट वर करून 'बाई, मी वाचू?' म्हणत होती! मी बरेच सत्कार पाहिलेत. माणूस खुर्चीत बसून आपली स्तुती ऐकत असतो आणि अवघडून पायाकडे बघत असतो. पण आपल्या अपमानाचा तास घेणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. पाहणारही नाही.

मग ते वाक्य आलं. 'बाई कुठल्या मुलाच्या घरी गेल्या नाहीत.' एक काकू वाचायला उठल्या, तर बाईंनी हाताने थांबवलं.

"हे राहू दे. इथे पूर्णविरामच बरोबर आहे."

काकू खाली बसल्या.

"नोकरीचं माझं दुसरं वर्ष. सुलोचना म्हणून एक मुलगी होती, खाणीवरच्या चाळीतली. दोन दिवस आली नाही. मी म्हटलं, जाऊ उद्या. उद्याचं परवा झालं. आठवड्याने गेले तर खोलीला कुलूप. काम संपलं म्हणून माणसं निघून गेली होती. कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला भागाकार शिकवायचा राहिला." बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "त्यानंतर मी ज्या दिवसाचं त्याच दिवशी जायला लागले. पण तिच्या घरी गेले नाही ते नाहीच."

पातेल्यामागे मी रुमाल शोधत होतो. पुंडलिक तर उघड उघड डोळे पुसत होता. तो गैरहजर असताना बाई डोंगर का चढल्या, ते त्याला इतक्या वर्षांनी कळलं असणार.

"आता," बाई म्हणाल्या, "लिहिलं कुणी, ते मी विचारणार आहे. पण कुणी हात लावायचा नाही."

मी पुढे आलो. माझ्या हातात चहाचा ओगराळा होता. कशासाठी घेतला होता, देव जाणे.

"मी, बाई."

"शेखर. वाटलंच. प्रश्नचिन्हं कुठे गेली?"

"बाई, फॉन्टात नव्हती."

"फॉन्टात नव्हती, की घाईत नव्हती?"

मंडप असा हसला, की देवळावरची कबुतरं उडाली.

पुढच्या रविवारी मी स्कूटरवरून मोपाला गेलो, माफी मागायला. जाताना पोदेराकडून, म्हणजे आमच्या पाववाल्याकडून, गरम उंडे पाव घेतले. बाईंना ते आवडतात हे वैशालीने कुठून तरी शोधून काढलं होतं. घर सड्याच्या उतारावर. वरून विमान गेलं की पत्रे थरथरतात आणि बाई बोलणं थांबवून वाट बघतात, वर्गाबाहेर गोंगाट झाला तर थांबायच्या तशा.

भिंतीवर माझं मानपत्र लावलेलं होतं! काचेवर बाईंनी लाल स्केचपेनने एकेक प्रश्नचिन्ह आणि एक उद्गारचिन्ह काढलं होतं. एक वाक्य सोडून. मी पायांकडे वाकलो तर म्हणाल्या, "ते झालं. आता लिहिलेलं दाखव. पहिलं लिहिलं असशील ना काहीतरी, रूपांतर करायच्या आधीचं?"

होतं खिशात. का आणलं होतं ते विचारू नका. गृहपाठ न्यायची सवय. बाईंनी त्यातल्या चार ओळींवर बोट ठेवलं. त्या अशा होत्या: 'बाईंनी डोंगर गाठला. बाईंनी काजूच्या बागेत पुंडलिकाला शोधले. बाईंनी त्याला खाली आणले. बाईंनी त्याला परीक्षेला बसवले.'

"कंटाळवाणं आहे, हे तुला बरोबर कळलं," बाई म्हणाल्या. "मग काय केलंस? सगळ्या वाक्यांना एकच टोपी घातलीस. आधी सगळी 'केली', नंतर सगळी प्रश्न. पेजेच्या जागी रोज श्रीखंड."

मी चमकलो. बाई आणि वैशाली एकमेकींशी फोनवर बोलल्या होत्या की काय? विचारायची हिंमत झाली नाही.

"आणि शेखर, चार वाक्यांत चारदा मीच? पेपर कुणी लिहिला? मी?"

"पुंडलिकाने, बाई."

"मग त्याला एकदा तरी कर्ता होऊ दे की!"

त्यांनी पेन घेतलं आणि माझ्या ओळींच्या वर बारीक अक्षरांत लिहिलं. ते अक्षर मी तुम्हाला दाखवायला हवं, उद्गारचिन्हासकट! लिहिलं ते असं: 'परीक्षेच्या दिवशी पुंडलिक काजूच्या बागेत होता. बाई डोंगर चढून गेल्या. बोंडांचा रस लागलेल्या हातांनी त्याने पेपर लिहिला आणि तो पास झाला.'

बस. तीन वाक्यं. एकात पोरगा, एकात बाई, आणि शेवटचं लांब वाक्य पुन्हा पोराचं. ना प्रश्न, ना उद्गार, आणि तरी मला तो डोंगर दिसला. मी सगळे प्रकार वापरून बाईंना मोठं करायला गेलो होतो. बाईंनी एक वाक्य सोडून बाकीच्यांतून स्वतःला काढून घेतलं आणि त्या आणखीच मोठ्या दिसायला लागल्या. हे व्याकरणाच्या पुस्तकात कुठल्या धड्यात आहे, सांगा मला!

निघताना बाईंनी एक पाकीट हातात दिलं. "हे अण्णांना दे. आभाराचं पत्र आहे. चिकटवलेलं नाही, तू वाचणारच."

"नाही हो, बाई! काय हे!"

सड्याचा उतार उतरून पहिल्या वळणावर, काजूच्या सावलीत स्कूटर लावली आणि वाचलं. आता माणूस आहे, काय करणार?

पत्र असं होतं: 'सत्कार पोचला. शाल उबदार आहे, नारळ गोड निघाला, आणि मानपत्र भिंतीवर लावलं आहे. इतकी मुलं एका मंडपात पुन्हा बघायला मिळतील असं मला कधी वाटलं होतं का? पुंडलिकाने आवाज उतरवावा. अण्णांनी वाचताना मधून मधून श्वास घ्यावा. तुम्ही सगळे मोठे झालात, मी मात्र अजून हजेरीच घेते आहे.'

दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना डोळे ओले झाले. चौथ्यांदा वाचताना मात्र दिसलं. 'नारळ गोड निघाला, आणि'. अहो, 'आणि'च्या आधी स्वल्पविराम? बाईंकडून चूक? वय झालं, दुसरं काय! आता हे अण्णा वाचणार, सूचनाफलकावर लावणार, गाव बघणार. बाईंची शोभा नको. माझं कर्तव्यच होतं ते! मी खिशातून पेन काढलं. हलक्या हाताने खोडायचं म्हणून कागद सीटवर नीट पसरला, तर पाकिटातून एक छोटी चिठ्ठी खाली पडली.

तेच अक्षर होतं.

'शेखर, तो स्वल्पविराम मुद्दाम घातला आहे. पेन खिशात ठेव.'